मिक्सर धुतलेलं पाणी

६ जानेवारी

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार घालायला इथं जागाच नाही, टेबलाभोवती फायलींचे ढीग आहेत; तेव्हा उभ्या उभ्याच नमस्कार समज. फोन केला असता, पण फोनवर तू सगळ्याला 'हो हो' म्हणतोस आणि मागाहून आईला विचारतोस, ती काय सांगत होती म्हणून. तीस वर्षं दगड फोडणाऱ्या ब्रेकरशेजारी उभं राहून तुझ्या कानांनी कधीच राजीनामा दिलाय. तू ते कबूल करणार नाहीस, म्हणून हे पत्र.

बातमी अशी की मला प्रयोगशाळेतून उचलून मुख्य कचेरीत आणून बसवलंय. आठ वर्षं मी आपल्या कंपनीच्या काँक्रीटचे नमुन्याचे क्यूब फोडून त्यांची ताकद तपासली, आता कंपनीचं पर्यावरण धोरण लिहायचं आहे. मोठ्या साहेबांनी कुठल्याशा बड्या गिऱ्हाइकासमोर 'आमचं धोरण तयार आहे' असं ठोकून दिलं, आणि आता ते तयार करायला मार्चअखेरपर्यंतची मुदत आहे. नेहमीसारखं वरातीमागून घोडं. सहा जणांची समिती आहे: मोठे साहेब, दोन डायरेक्टर, खरेदीवाले, वकीलसाहेब आणि मी. दुसऱ्या कंपन्यांच्या धोरणांची एक जाडजूड फाइल माझ्या हातात दिली आणि सांगितलं, यातलंच इकडचं तिकडं करा.

आईला हे सांगितलं तर म्हणाली, "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या." आणि पुन्हा वर्तमानपत्र वाचायला लागली. तिचं हे नेहमीचंच.

पण मामा, मला हे खरोखर नीट लिहायचंय. बाबा गेल्यावर तू आम्हा दोघींना घेऊन आलास आणि माझं सगळं लहानपण तुझ्या साइटवरच्या पत्र्याच्या खोल्यांत गेलं. त्या खोल्यांतला माणूस वाचेल आणि म्हणेल, हे मला जमेल, असं काहीतरी व्हायला हवं. नाहीतर ते चकचकीत पुठ्ठ्यात बांधून स्वागतकक्षात ठेवतील आणि त्यावर धूळ बसेल. पहिला मसुदा सोबत पाठवतेय. बावीस पानं आहेत. एकतीस वर्षं तू याच कंपनीत सुपरवायझर होतास, तेव्हा जिथं थाप वाटेल तिथं बिनधास्त खूण कर.

तुझी,
ठकू

१७ जानेवारी

मुख्य कचेरीतल्या ठकूबाईसाहेबांना साइटवरच्या मामाचा आशीर्वाद.

मसुदा पोचला. दोनदा वाचला. पहिल्यांदा वाचताना झोप लागली, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तुला खरं वाटेल.

सुतारी पेन्सिलनं खुणा केल्यात. 'शक्य तिथे' हे शब्द तू अकरा वेळा लिहिलेत. पाणी शक्य तिथे वाचवावे, धूळ शक्य तिथे कमी करावी. अगं, साइटवर कुठल्याही कागदावर 'शक्य तिथे' दिसलं की आम्ही ते 'नको' असं वाचायचो. स्लॅबची तारीख डोक्यावर असताना काहीच शक्य नसतं. अकराच्या अकरा खोडले आहेत. आता राहिलेली वाक्यं बघ, त्यातली निम्मी उभीच राहत नाहीत.

झाडांबद्दल तू तीन पानं लिहिलीस. चांगली आहेत. झाडं लावावीत, फोटो काढावेत, माझी काही हरकत नाही. पण बावीस पानांत मिक्सरच्या गाडीबद्दल एक ओळ नाही. काँक्रीट ओतून झालं की गाडीच्या ड्रममध्ये आत चिकटलेला माल राहतो. तो लगेच धुतला नाही तर ड्रममध्येच दगड होतो, आणि मग आत माणूस उतरवून छिन्नीनं फोडावा लागतो. म्हणून प्रत्येक ड्रायव्हर ड्रम धुतो. दिवसाला चाळीस गाड्या म्हणजे चाळीस वेळा धुणं. ते पाणी कुठं जातं, हे तुझ्या समितीतल्या एकालाही विचारून बघ. ते पाणी साधं नसतं, ठकू. सिमेंट हाताला खातं हे तुला मी सांगायला नको. मासोळी तर त्यात दोन मिनिटं जगत नाही.

त्याला खड्डा लागतो. दोन कप्प्यांचा, आतून प्लास्टर केलेला. पहिल्या कप्प्यात गाळ बसतो, दुसऱ्यात पाणी निवळतं, तेच पाणी पुन्हा पुढच्या गाडीला वापरायचं. गाळ वाळला की फोडून भरावाला टाकायचा. एवढंच. त्याला परदेशी तंत्रज्ञान लागत नाही, खड्डा खणायला दोन दिवस लागतात. खड्डा कसा असावा त्याचं चित्र मागच्या पानावर काढलंय. मापं माझ्या अंदाजानं आहेत, पण माझा अंदाज तुमच्या इंजिनिअरच्या हिशेबापेक्षा बरा असायचा, हे तुझ्या आईलाही माहीत आहे.

तुझ्या आईला म्हणावं, किल्ल्या चोराच्याच हाती द्याव्या, कुलूप कुठं कच्चं आहे ते त्यालाच माहीत असतं.

मामा

२ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझं पत्र घेऊन मी थेट नव्या साइटवर गेले. तुझ्या चित्रातला खड्डा तिथं आहे! अगदी दोन कप्प्यांचा. फक्त त्याच्यावर फळ्या टाकल्यात आणि फळ्यांवर स्कूटर लावल्यात. खड्डा कोरडा ठणठणीत. गाड्या कुंपणामागच्या गटारात धुतात. मी खिशातून तपासणीची कागदी पट्टी काढली आणि त्या पाण्यात बुडवली, तर पट्टी क्षणात गडद निळी झाली, म्हणजे पाण्यात कातडी जाळणारा क्षार. तिथला सुपरवायझर भला माणूस आहे, तो ओशाळून म्हणाला, तात्पुरतं आहे मॅडम.

मग मी झाडांची तीन पानं अर्ध्या पानावर आणली आणि त्या जागी कलम सात लिहिलं. खड्ड्यात धुतल्याशिवाय मिक्सरची गाडी फाटकाबाहेर जाणार नाही, आणि रोजच्या नोंदीखाली सुपरवायझरनं स्वतःच्या नावानं सही करायची. खरेदीवाले दोन तास भांडले. मी तुझ्यासारखी मान खाली घालून हो हो म्हणत राहिले आणि एक शब्द बदलला नाही.

आता खरी गंमत ऐक. काल मला वाटलं, पुढच्या साइटचं झालं, पण मागच्या साइटचं काय? आपली कंपनी चाळीस वर्षं बांधकाम करतेय. बांधून झालं की आपण निघून जातो, आणि आपण काय मागं ठेवलं ते कुणी बघायला जात नाही. म्हणून कलम आठ: कंपनीनं आपल्या जुन्या साइटवर परत जायचं, आजूबाजूच्या विहिरी-ओढ्यांचं पाणी तपासायचं, आणि जे निघेल ते तिथल्या लोकांना तोंडावर सांगायचं. वकीलसाहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पण मोठ्या साहेबांनी ते खोडलं नाही, म्हणजे अजून आशा आहे. तू कुठकुठल्या साइटवर होतास त्याची यादी पाठव, तुझ्याच साइटपासून सुरुवात करते.

आणखी एक. आईचे हात या वर्षी फारच फुटलेत. बोटांच्या पेरांतून रक्त येतं, कणीक मळणं बंद केलंय तिनं. नवीन डॉक्टरीणबाईंकडं नेलं तर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, सिमेंटशी कधी संबंध आला होता का. एकदा त्याची अ‍ॅलर्जी बसली की जन्मभर राहते म्हणे. आई म्हणाली, साबणानं झालंय, आणि लगेच उठून चपला घालायला लागली. मामा, आईनं कधी तुझ्या साइटवर घमेली उचलली होती का? तिला त्याची लाज वाटत असेल तर मला वाईट वाटेल. त्यात लाज कसली?

तुझी,
ठकू

११ फेब्रुवारी

चि. ठकूस आशीर्वाद.

यादी सोबत आहे. सात साइट लिहिल्या आहेत. आठवतील तेवढ्या.

तुझ्या आईनं कधी घमेलं उचललं नाही. मी असताना उचलू दिलं नसतं. साबणानंच झालं असेल.

कलम सात चांगलं आहे, ते सोडू नकोस. कलम आठचं मात्र मला पटत नाही. धोरण म्हणजे उद्याचं असावं. जुनं उकरून काय निघणार, चिखलच. तिथले लोक गेले असतील, साहेब गेले, निम्मे सुपरवायझर देवाघरी गेले. तू कुणाला विचारणार आणि कोण सांगणार? उगाच त्या एका कलमापायी सगळं धोरण बुडेल. माझं ऐकशील तर ते काढून टाक.

इकडे सर्व ठीक. गुडघा दुखतो, चालायचंच.

मामा

२५ फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, हे तूच लिहिलंस यावर विश्वास बसेना.

काल समितीत वकीलसाहेब हेच म्हणाले. जुनं उकरू नका. जवळजवळ तुझेच शब्द. आणि मी मूर्खासारखी आधीच्या बैठकीत सगळ्यांना सांगून बसले होते, की हे धोरण मी एका जुन्या सुपरवायझरला दाखवतेय, त्यांचा शब्द म्हणजे शब्द. त्यावर खरेदीवाल्यांनी विचारलं, मग कलम आठवर त्यांचं काय मत आहे? मला खोटं बोलता आलं नाही. सगळे हसले. मोठे साहेब म्हणाले, वीस मार्चच्या बैठकीत शेवटचं ठरवू, तोपर्यंत एखादं तरी उदाहरण आणा, नाहीतर कलम आठ गाळा.

मला राग त्यांचा आला नाही, तुझा आला. त्यांना कंपनीची काळजी आहे, ते मला समजतं. तुला कसली आहे? निवृत्त होऊन आठ वर्षं झाली आणि अजून कंपनीची बाजू घेतोस? मला वाटायचं, सगळं जग एका बाजूला गेलं तरी तू माझ्या बाजूला असशील.

आणि तुझी यादी अपुरी आहे. मी कचेरीतल्या जुन्या नोंदी काढल्या. तू आठ साइटवर होतास. ओढ्याची साइट तू लिहिलीच नाहीस. मी पाच वर्षांची होते तेव्हाची, पत्र्याच्या खोल्यांची, जिथं मी तुझं हेल्मेट घालून फिरायचे. ती तू कशी विसरलास? मला आठवते आणि तुला आठवत नाही?

आठ मार्चला मी तिथं जातेय. पट्ट्या घेऊन. तुला पटत नसलं तरी.

ठकू

२ मार्च

ठकू,

विसरलो नाही. दुसरी एखादी विसरलो असतो, ती नाही.

तू जायच्या आधी हे माझ्याकडून कळावं म्हणून लिहितो. लिहायला चार दिवस लागले. आधीचे कागद फाडले, कारण प्रत्येकात मी स्वतःची बाजू मांडत होतो.

ओढ्याच्या साइटवर मी खड्डा खणला होता. दोन कप्प्यांचा, तुला चित्र काढून दिलं तोच. तीन महिने गाड्या त्यातच धुतल्या. मग तेव्हाचे मोठे साहेब पाहणीला येणार असं ठरलं. त्यांची गाडी उभी राहायला सपाट जागा एकच होती, आणि तिथं खड्डा होता. इंजिनिअर म्हणाला, बुजवून टाक, साहेब गेले की पुन्हा खणू. मी मुरूम टाकून बुजवला. गाड्या तीन दिवस ओढ्याकाठी धुवा, असं ड्रायव्हर लोकांना मी सांगितलं. इंजिनिअरनं नाही, मी. तात्पुरतं, असंही म्हणालो. साहेब आले, वीस मिनिटं थांबले, गेले. मग स्लॅबची तारीख आली, मग पुढच्या स्लॅबची. खड्डा काही पुन्हा खणला नाही. सात महिने गाड्या ओढ्याकाठीच धुतल्या.

ओढ्याच्या खालच्या अंगाला वस्ती होती आणि काठावर त्यांची विहीर. दोन-अडीच महिन्यांत विहिरीचं पाणी बुळबुळीत लागायला लागलं. वस्तीतली दोन माणसं मला विचारायला आली. मी म्हणालो, उन्हाळ्यानं होत असेल. ते मानेनं बरं म्हणाले आणि गेले. भांडले असते तर बरं झालं असतं.

तुझी आई त्याच ओढ्यावर कपडे धुवायची. वस्तीतल्या बायकांबरोबर. एक दिवस मी जेवायला बसलो आणि ती वाढता वाढता म्हणाली, "दादा, या ओढ्याला साबणच लागत नाही बघ. कपडे नुसते बुडवले तरी पांढरे होतात." तिला आनंद झाला होता. मला त्या क्षणी कळलं, कशानं ते. घास तोंडात होता. मी तो गिळला आणि भाजी छान झालीय म्हणालो. ठकू, त्या वेळी एक वाक्य बोलायचं होतं. उद्यापासून तिथं जाऊ नकोस, एवढंच. पण ती विचारणार, का? आणि मग मला गाड्या थांबवाव्या लागणार. तिला सांगायचं आणि वस्तीतल्या बायकांना नाही, एवढा निर्लज्जही मी नव्हतो. म्हणून कुणालाच सांगितलं नाही.

पुढच्या महिन्यात तिचे हात सोलपटले. डॉक्टरनं विचारलं तेव्हा मीच म्हणालो, साबणानं. तो शब्द माझा आहे. अठ्ठावीस वर्षं ती माझाच शब्द सांगत फिरते आणि तिला ते माहीत नाही.

तू शाळेत पहिली आलीस, नोकरीला लागलीस, तेव्हा सगळे म्हणाले, मामानं पोरीसाठी किती केलं. मी ऐकून घ्यायचो. तुझ्या आईच्या हातांकडे बघून मान खाली घालायचो. लोकांना वाटायचं, किती साधा माणूस.

कंपनीची बाजू मी घेतली नाही. माझीच घेतली. मला तुम्ही दोघीच आहात. एवढं तुझ्यापासून लपवायचं होतं, ते आता लपलं नाही.

आईला सांगायचं की नाही ते तू ठरव. मला धीर नाही.

मामा

१९ मार्च

चि. ठकूस,

उत्तर नाही. येणार नाही असं धरून चाललोय. राग आला असेल तर तो खरा आहे, तो गिळू नकोस. गिळलेलं किती वर्षं आत राहतं ते मला विचार.

उद्या तुझी बैठक. उदाहरण हवं आहे ना, माझं दे. ते पत्र समितीत वाच, नावासकट. निवृत्त माणसाचं कंपनी काय करणार?

जेवत जा वेळेवर.

मामा

२४ मार्च

मामा,

पत्र मिळालं होतं. दोन्ही मिळाली. पहिलं वाचल्यावर मला तुला काय म्हणून हाक मारायची तेच कळेना, म्हणून लिहिलं नाही. अजूनही राग गेलेला नाही. तो सांगून टाकते आणि पुढचं लिहिते.

आठ तारखेला मी ओढ्याच्या साइटवर गेले. आपण बांधलेल्या इमारती उभ्या आहेत, चांगल्या आहेत, गॅलरीत कपडे वाळत होते. ओढा नितळ आहे. खालची वस्तीही आहे तिथंच. विहीर सापडायला वेळ लागला, कारण तिच्यावर झुडपं माजलीत आणि तोंडावर एक जुना पत्रा टाकलाय. पत्रा सरकवला, डबा सोडला, पट्टी बुडवली. पट्टीचा रंग बदलला नाही. मला खरं वाटेना. आणखी चार पट्ट्या बुडवल्या, बाटल्या भरून प्रयोगशाळेत आणल्या, दोनदा तपासल्या. पाणी चांगलं आहे, मामा. पिण्याजोगं आहे. माझ्या अंदाजानं निदान वीस वर्षं तरी चांगलं असणार. गाड्या गेल्या, आणि हळूहळू विहीर आपली आपण सुधारली.

मी तिथं उभी असताना एक बाई आली. आईच्याच वयाची. तिच्या हातात दोन कळशा होत्या. मी विचारलं, इथलं पाणी का नाही भरत? ती म्हणाली, "ती विहीर खराब आहे." टेकडीपलीकडच्या नळावर जातात सगळे. जायला पंचवीस मिनिटं, यायला भरल्या कळशीनं त्याहून जास्त. अठ्ठावीस वर्षं. तिची सूनही जाते, आता नात जायला लागलीय. पाणी सुधारलं, पण ते सांगायला कुणी गेलं नाही. बिघडलं तेव्हा तुम्ही सांगितलं नाहीत, म्हणून सुधारलं तेही त्यांना कळलं नाही. मी तिला तिथल्या तिथं सांगितलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, तू कोण? मी कंपनीचं नाव सांगितलं. ती हसली आणि नळाच्या वाटेला लागली. तिनं माझ्यावर विश्वास का ठेवावा?

वीस तारखेला मी तुझं पत्र वाचलं नाही. ते मला लिहिलेलं होतं, समितीला नाही. मी फक्त विहिरीचं सांगितलं. एक शब्दही वाढवला नाही. मोठे साहेब पेनचं टोपण काढत-घालत ऐकत होते. मग म्हणाले, कलम आठ राहील. पण एक अट घातली. तपासणीला जाणाऱ्यांबरोबर त्या साइटवर काम केलेला एक तरी माणूस गेलाच पाहिजे. "तुमचा अहवाल कोण ऐकणार? तिथं राहून आलेला माणूस असेल तर ऐकतील." मला ती अट पळवाट वाटली, कारण असा माणूस कुठल्याच साइटला मिळणार नाही असं त्यांना वाटत असेल. तरी मी लिहून घेतली. धोरण मंजूर झालं. अठरा पानं आहेत, 'शक्य तिथे' एकदाही नाही.

ओढ्याच्या साइटला जायला अजून कुणी मिळालेलं नाही. ये असं मी म्हणणार नाही. माझं मन अजून तेवढं मोठं झालेलं नाही.

विहिरीचं, त्या बाईचं आणि साहेबांच्या अटीचं मी आईला सांगितलं होतं, तुझ्या पत्राचं मात्र नाही. पण आज सकाळी माझ्या पिशवीत ती पावती शोधत होती आणि तिला तुझं पत्र सापडलं. तिनं ते उभ्यानंच वाचलं. मग घडी घालून पुन्हा होतं तिथं ठेवलं आणि म्हणाली, मला कागद दे. हातांना फडकं गुंडाळून दोन तास लिहीत बसली होती. काय लिहिलंय ते मला दाखवलं नाही. या पाकिटात तिचा कागद आहे.

ठकू

२४ मार्च

दादा,

अक्षर वाकडं आलंय, बोटं मिटत नाहीत. वाचून घे.

अठ्ठावीस वर्षं मला माहीत नाही असं तू समजून होतास, आणि पोरीलाही तसंच लिहिलंस. तुला मी एवढी बावळट वाटते? भाजी छान झालीय म्हणालास ना, त्या दिवशी भाजीत मीठच नव्हतं. मी तुझ्या तोंडाकडे बघितलं आणि दुसऱ्या दिवशी ओढ्यावर गेले तेव्हा वरच्या अंगाला चालत गेले. गाड्या धुताना बघितल्या. ड्रायव्हरला विचारलं, कुणी सांगितलं इथं? त्यानं तुझं नाव घेतलं.

त्यानंतरही मी तिथंच धुणं धुतलं. का, ते मी कुणाला सांगितलेलं नाही, तुला सांगते. मी जायचं थांबवलं असतं तर वस्तीतल्या बायकांनी विचारलं असतं. त्यांना सांगितलं असतं तर तुझी नोकरी गेली असती आणि पोरीला घेऊन मी कुठं गेले असते? तू एक वाक्य गिळलंस, मीही गिळलं. साबणाचं खोटं तुझं एकट्याचं नाही. तेव्हा सगळं ओझं स्वतःच्या डोक्यावर घेऊन मोठेपणा मिरवू नकोस.

मला तुझा राग हातांसाठी कधी आला नाही. हात काय, फुटतात, भरतात. राग याचा आला की त्या जेवणानंतर तू माझ्याशी नीट बोलेनासा झालास. मला भाऊ हवा होता आणि तू मान खाली घालून बसणारा कर्जदार झालास. दिवाळखोरासारखा घरात वावरायचास. एकदा म्हणाला असतास, चुकलं, तर मी दोन शिव्या दिल्या असत्या आणि आपण पुढं गेलो असतो.

माफ केलंय असं मी लिहीत नाही. माझ्यापुरतं माफ करायला जड नाही. पण खालच्या वस्तीतली ती मागच्या घरातली, जी माझ्या शेजारच्या दगडावर बसून धुवायची, तिचेही हात सोलपटले होते. तिची लेक मुख्य कचेरीत नाही. तिला कोण पत्र लिहिणार? तिच्या वाटणीची माफी मी देऊ शकत नाही, आणि ठकूही नाही. ती तुला तिथं जाऊनच मागावी लागेल, आणि मलाही. ती देईल असं नाही. कदाचित कळशी उचलून चालती होईल. तरी आपण तिला सांगायचं, पाणी चांगलं आहे, आणि खराब कुणी केलं होतं तेही सांगायचं. दुसरं सांगितल्याशिवाय तिचा पहिल्यावर विश्वास बसणार नाही.

साहेबांना त्या साइटवर राहिलेला एक माणूस हवाय. आपण दोघं आहोत. पोरीला म्हणावं, दोन नावं लिही.

शनिवारी सकाळच्या गाडीनं इकडे ये. गुडघ्याचं कारण सांगू नकोस, माझे हात बघितले तर तुला लाज वाटेल. रविवारी तिघं मिळून जाऊ. विहिरीवर पोचलो की पहिला पेला मी पिणार आहे, तिच्या देखत. दुसरा तू प्यायचास.

तुझी धाकटी बहीण